झिर्कोनियाची कॅप: भट्टीआधीचं रसायन आणि नंतरची शिस्त

आमच्या दातांच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना मी सुरुवातीला सिंटरिंगच्या, म्हणजे कॅप भाजून घट्ट करायच्या, भट्टीला हात लावू देत नाही. डाय (दाताची प्रतिकृती) ट्रिम करा, स्कॅन करा, डिझाइन शिका, मशीनमध्ये डिस्क लावायला शिका. भट्टी सगळ्यात शेवटी. त्यांना वाटतं, भट्टी महाग आहे म्हणून ताई जपतात. महाग तर आहेच. पण कॅप किती टिकणार हे भट्टीत ठरतं, आणि तिथे काय घडलं ते बाहेरून दिसत नाही. नीट भाजलेली कॅप आणि फसलेली कॅप, दोन्ही ट्रेमधून सारख्याच देखण्या निघतात. फरक कळतो तो पेशंटच्या तोंडात, दोन-तीन वर्षांनी.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. आमच्याकडे काम सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर, शिवाय पलीकडच्या चिकोडी-अथणीहूनही येतं. प्रत्येक डॉक्टरची पद्धत निराळी, प्रत्येकाला घाई निराळी. झिर्कोनियाचे नियम मात्र सगळ्यांना एकच, आणि ते पाठ करून भागत नाही. कुठला नियम कशासाठी आहे हे माहीत नसेल, तर घाईच्या दिवशी माणूस नेमका तोच मोडतो. म्हणून हे सगळं ‘का’ सकट लिहिते आहे. लॅबमध्ये शिकणाऱ्यांसाठी मुख्यतः, पण डॉक्टरांनी कॅप चिकटवायच्या सिमेंटचा भाग जरूर वाचावा, आणि कॅप बसवून घेणाऱ्यांनी शेवटचा.

डिस्कमध्ये असतं काय

डिस्क म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड. झिर्कोनियम हा धातू निसर्गात मोकळा सापडत नाही. ऑक्सिजनची ओढ त्याला इतकी, की चार इलेक्ट्रॉन देऊन तो कायमचा बांधला जातो आणि सहसा मागे फिरत नाही. क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली श्रीलंकेहून आलेल्या खड्यांमध्ये हे नवं मूलद्रव्य ओळखलं. त्यातून अशुद्ध का होईना, पण धातू सुटा करायला १८२४ साल उजाडलं, तो बर्झेलियसने केला. आणि वाकवता येईल इतका शुद्ध धातू मिळाला १९२५ मध्ये, व्हॅन आर्केल आणि डी बोअर या दोघा डच संशोधकांना. ऑक्सिजन एवढा घट्ट धरून ठेवतो म्हणूनच तोंडात कॅप गंजत नाही, विरघळत नाही, हिरडी काळी पडत नाही.

कच्चा माल म्हणजे समुद्रकाठची वाळू. तिच्यात झिर्कॉन नावाचं खनिज असतं, म्हणजे झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. आपल्याकडे केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मणवालकुरिची आणि ओडिशातलं छत्रपूर इथल्या वाळूतून ते वेगळं काढतात. कॉस्टिक सोड्यासोबत वितळवून किंवा कोळसा आणि क्लोरिनच्या वाटेने त्यातली सिलिका काढून टाकतात, मग झिर्कोनियमचं पाण्यात विरघळणारं क्षार बनवतात. त्या द्रावणातच यट्रियम या दुसऱ्या धातूचा क्षार मिसळून दोन्ही एकत्र साका म्हणून खाली बसवतात, म्हणजे कणाकणात यट्रियम सारखं पसरतं. भाजून, दळून, बाइंडर घालून त्याची पावडर होते. ती सगळ्या बाजूंनी सारख्या दाबाखाली दाबायची आणि साधारण ९०० ते १००० अंशांपर्यंत अर्धवट भाजायची. ही आपली डिस्क, बहुतेक मशीनसाठी ९८ मिलिमीटर व्यासाची.

झिर्कॉनमध्ये झिर्कोनियमसोबत थोडं हाफनियम कायम असतं. दोघांचं रसायन इतकं सारखं की हाफनियम वेगळं ओळखायला १९२३ साल यावं लागलं. तारापूरच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. तिथे हाफनियम काढून टाकावंच लागतं, कारण ते न्यूट्रॉन गिळतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे काम चालतं. दाताला न्यूट्रॉनशी काय घेणं? म्हणून आपल्या डिस्कच्या कागदावर झिर्कोनियम आणि हाफनियम यांचे ऑक्साइड एकत्रच मोजलेले दिसतील. कोणी भेसळ म्हणून घाबरवलं तर हे सांगा.

ताकद येते कुठून

हा भाग नीट वाचा, बाकी सगळे नियम इथूनच निघतात.

शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड तीन रूपांत राहतो. साध्या तापमानाला मोनोक्लिनिक. सुमारे ११७० अंशांच्या वर टेट्रागोनल. सुमारे २३७० च्या वर क्युबिक, मग २७०० च्या आसपास वितळतो. तापवून गार करताना टेट्रागोनल परत मोनोक्लिनिक होतो आणि होताना साधारण ४ ते ५ टक्के फुगतो. दगडासारखी वस्तू आतून एवढी फुगली तर तिचे तुकडेच पडणार. शुद्ध झिर्कोनियाची कॅप म्हणूनच होऊ शकत नाही.

इथे यट्रियम उपयोगी पडतं. झिर्कोनियमचा आयन चार धन भाराचा, यट्रियमचा तीन. झिर्कोनियमच्या दोन जागा यट्रियमने घेतल्या की भाराचा हिशेब जुळवायला ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. झिर्कोनियमच्या अणूभोवती टेट्रागोनल रूपात आठ ऑक्सिजन दाटीवाटीने बसतात, मोनोक्लिनिकमध्ये सात. रिकाम्या जागांमुळे ती दाटी सैल होते आणि टेट्रागोनल रूप गार झाल्यावरही तसंच अडकून राहतं. ३ मोल टक्के (रेणू मोजून) यट्रिया, म्हणजे यट्रियमचा ऑक्साइड, घातलेल्या डिस्कला आपण ‘३ वाय’ म्हणतो. वजनात ते साधारण ५ टक्क्यांच्या थोडं वर जातं.

अडकून राहिलेलं हे रूप म्हणजेच ताकद. कॅपमध्ये बारीक तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाशी ताण येतो, तिथले कण मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि तडा दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. जो गुण शुद्ध झिर्कोनिया फोडतो, तोच इथे भेग थांबवतो. गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये हे मांडलं. ३ वायची वाकवण्याची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल येते ती यामुळे.

आता लक्षात घ्या, हे रूप अडकलेलं आहे, स्थिर नाही. सुटायला ते कारणच शोधत असतं. जास्त उष्णता, मोठे झालेले कण, कोरडं ग्राइंडिंग, ओलावा: ही चार कारणं. लॅबमधली आपली सगळी शिस्त या चौघांविरुद्ध आहे.

कुठली डिस्क कुठल्या दाताला

‘सुपर’, ‘अल्ट्रा’, ‘प्राइम’ असली नावं बाजूला ठेवा. विक्रेत्याला एकच विचारा: यट्रिया किती? ३ वाय, ४ वाय की ५ वाय?

यट्रिया वाढवला की क्युबिक रूपाचं प्रमाण वाढतं. क्युबिकमधून प्रकाश सरळ जातो, म्हणून ५ वायची कॅप खऱ्या दातासारखी पारदर्शक दिसते. नथीतला अमेरिकन डायमंड हाही हाच ऑक्साइड, पूर्ण क्युबिक करून. पण क्युबिक कण रूप बदलत नाहीत, म्हणजे तडा दाबून धरणारा गडी तिथे कमी. ५ वायची ताकद ५०० ते ७०० च्या घरात राहते.

माझा हिशेब असा. पुढचे सुटे दात, नखरेल पेशंट: ५ वाय, चावण्याच्या बाजूला किमान १ मिमी जाडी मिळत असेल तरच. दाढा: ३ किंवा ४ वाय. मागचा ब्रिज (एकमेकांना जोडलेल्या कॅप्स): ३ वाय. दात खाणारा पेशंट असेल तर मागे ५ वाय मी करून देत नाही, डॉक्टरांनी कितीही आग्रह केला तरी. काही बहुस्तरीय डिस्कमध्ये वरचा थर ५ वाय आणि खालचा ३ वाय असतो, तेव्हा डिझाइन करताना ब्रिजचा कनेक्टर, म्हणजे दोन दात जोडणारा भाग, कुठल्या थरात पडतोय ते बघा. पुष्कळ जण फक्त शेड जुळवायला कॅप वर सरकवतात आणि कनेक्टर नाजूक थरात नेऊन ठेवतात.

कनेक्टरचं क्षेत्रफळ: मागच्या तीन युनिटच्या ब्रिजला बहुतेक कंपन्या ९ चौरस मिमी मागतात. तेवढं भरलं म्हणून खूश होऊ नका, आकार बघा. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. जागा असेल तिथे उंची घ्या.

मिलिंग आणि रंग

अर्धवट भाजलेली डिस्क खडूसारखी असते, नखाने ओरखडा उठतो. भट्टीत ती एका दिशेने साधारण २० टक्के आकसते. म्हणून प्रत्येक डिस्कवर मोठं करण्याचा गुणक छापलेला असतो, १.२ च्या पुढचा काहीतरी. तो बॅचप्रमाणे बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये मागच्या डिस्कचा आकडा तसाच राहिला की कॅप घट्ट तरी बसते नाहीतर खुळखुळते, आणि मग फोन येतो, ‘ताई, मार्जिन उघडं आहे,’ म्हणजे कॅपची कड दातावर नीट टेकत नाही. डिस्क बदलली की आकडा बदलायचा. आम्ही हे मशीनच्या झाकणावरच मार्करने लिहून ठेवलंय.

मिलिंग (डिस्कमधून कॅप कोरणं) कोरडं, बर (कापायचं फिरतं टोक) धारदार. बोथट बर मार्जिनचे टवके काढतो. कॅप डिस्कपासून सोडवताना मायक्रोमोटर मंद ठेवा, पिन हळूहळू कापा, शेवटचा तुकडा हाताने मोडू नका. तिथे पडलेली बारीक चीर भट्टीत भरून येत नाही. धूळ मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने काढा. स्टीमर या टप्प्यावर अजिबात नाही. मास्क लावा आणि सक्शन चालू ठेवा, पांढरी धूळ फुप्फुसात कोणालाच नको.

पांढरी डिस्क असेल तर रंगाच्या द्रवात बुडवावी लागते. त्या द्रवात धातूंचे क्षार असतात: लोहाने पिवळसर तपकिरी, अर्बियमने गुलाबी, प्रासिओडिमियमने पिवळा. चिमटा प्लॅस्टिकचा वापरा. लोखंडी चिमट्याचा डाग भट्टीतून पक्का होऊन येतो. बुडवून काढलं की टिपून घ्या आणि दिव्याखाली पूर्ण सुकवा. बाहेरून कोरडी दिसली तरी पॉन्टिकच्या (ब्रिजमध्ये नसलेल्या दाताच्या जागी येणाऱ्या दाताच्या) पोटात पाणी असतं. ते भट्टीत वाफ होऊन वाट शोधतं, आणि द्रवातली आम्लं भट्टीच्या तापणाऱ्या कांड्या खातात. दोन्ही नुकसान आपलंच.

भट्टी

साधा प्रोग्रॅम असा: मिनिटाला ८ ते १० अंशांनी वर, १४५० ते १५५० च्या दरम्यान डिस्कच्या कागदावर असेल त्या तापमानाला साधारण दोन तास, मग हळू गार. सगळं मिळून रात्र जाते. आकसणं मुख्यतः १००० च्या पुढे होतं. जाड पॉन्टिक आणि पातळ कॅप एकाच ब्रिजमध्ये असताना चढ घाईने दिला, तर एक भाग आधी आकसतो आणि ब्रिज वाकतो. लांब ब्रिजला म्हणून चढ आणखी सावकाश द्या, आणि झिर्कोनियाच्या मण्यांवर असा ठेवा की आकसताना त्याला सरकता येईल.

आता ती सगळीकडे चालणारी युक्ती. तापमान ५० अंश वाढवलं किंवा तासभर जास्त ठेवलं की ३ वायची कॅप जरा पारदर्शक दिसते. दिसते हे खरं आहे. होतं असं की कण मोठे होतात आणि यट्रियम काही कणांत गोळा होऊन बाकीचे उपाशी राहतात. कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात तोवर टेट्रागोनल रूप टिकतं. १ मायक्रॉनच्या पुढे गेले की आपोआप सुटू लागतं. म्हणजे शेड साधायला आपण ताकद विकली. पारदर्शक हवी असेल तर पारदर्शक डिस्क घ्या.

भट्टीतला बदल केवढ्याला पडतो, याचं उदाहरण दातांचं नाही, खुब्याचं आहे. १९८० च्या दशकात खुब्याच्या सांध्यासाठी झिर्कोनियाचे गोळे वापरात आले, चांगले चालले. पुढे फ्रान्समधल्या एका उत्पादकाने जुन्या भट्टीऐवजी बोगद्यासारखी सलग भट्टी घेतली. पावडर तीच, आकार तोच. त्या भट्टीतून निघालेल्या काही बॅचेसचे गोळे रुग्णांच्या शरीरात लवकर फुटू लागले, शेकड्यांनी, आणि २००१ मध्ये माल परत बोलवावा लागला. त्यानंतर नुसत्या झिर्कोनियाचे खुबे जवळजवळ मागे पडले. आता तिथे अॅल्युमिनामध्ये साधारण १७ टक्के झिर्कोनिया मिसळलेलं सिरॅमिक चालतं. भट्टीच्या बाबतीत मी कटकटी आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवते.

स्पीड सिंटरिंग (झटपट भाजणं): डिस्कच्या कागदावर स्पष्ट परवानगी असेल तर, सुट्या कॅपपुरतं. ब्रिजला नाही.

भट्टी खरंच तेवढी तापतेय का, हे डिस्प्लेवर विसंबून कळत नाही. तापमान मोजणाऱ्या सिरॅमिक रिंगा मिळतात. त्या कॅपसोबत भाजायच्या, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, तक्त्यात तापमान बघायचं. रिंगा नसतील तर घनता मोजा, सोन्याचा काटा असला की पुरे. भाजलेला एक उरलेला तुकडा आधी हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. हवेत ६.०७ ग्रॅम आणि पाण्यात ५.०७ भरला तर फरक १ ग्रॅम, म्हणजे घनता ६.०७. ३ वायला आकडा ६.०५ च्या आसपास किंवा वर हवा, ५ वायला किंचित कमी चालतो. ६ च्या खाली आला तर भट्टी थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर भट्टीवर उगाच आळ येईल.

कॅप हिरवट किंवा करडी निघू लागली तर बहुधा कांड्यांचा थर किंवा रंगाची वाफ आत बसलीय. कंपनीने सांगितलेलं सफाईचं रिकामं चक्र चालवा. दार २०० अंशांच्या वर असताना उघडू नका. झिर्कोनिया उष्णता सावकाश सोडतो. बाहेरची कड गार आणि पोट गरम अशी ओढाताण झाली की चीर पडते.

आणि वीज. एप्रिल-मे मध्ये दुपारी वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाइट जाणार हे धरूनच चालायचं. लहान यूपीएस भट्टीला पुरत नाही. आम्ही या दिवसांत भट्टी रात्री उशिरा लावतो. चक्र मध्येच तुटलं तर तो ब्रिज मी देत नाही, नवीन मिल करते. डिस्कचा तुकडा वाया गेला तर त्याचा भाव आपल्याला माहीत असतो. तोंडात मोडलेल्या ब्रिजचा भाव कोण सांगणार?

भट्टीनंतर

आता कॅप हिऱ्याच्या बरशिवाय घासली जात नाही. बर बारीक घ्या, पाणी सतत सोडा, हलका हात. कोरडं घासलंत तर ठिणग्या दिसतील. जिथे ठिणगी पडली तिथले कण तापले आणि रूप बदलून बसले. ब्रिजच्या दोन दातांमधली फट खोल करायला डिस्कने कापू नका, मोडलेले ब्रिज बहुतेक तिथूनच फुटतात. ती फट डिझाइनमध्येच द्या.

आतली बाजू ५० मायक्रॉन अॅल्युमिनाने, १ ते २ बार दाबाने हलकी ब्लास्ट करा (हवेने पावडर मारा). ४ बारने मारल्याने पकड वाढत नाही, पृष्ठभाग जखमी होतो.

चावण्याची बाजू चकचकीत पॉलिश करा, रबर आणि डायमंड पेस्टने, सगळ्या पायऱ्या करून. ग्लेझ (काचेसारखा पातळ थर) मारून काम उरकणं सोपं आहे, पण ग्लेझ काही काळात झिजतो आणि खालचा खरखरीत झिर्कोनिया समोरच्या दाताचं इनॅमल खरवडतो. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरचा दात ग्लेझ केलेल्यापेक्षा कमी झिजवतो. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात कडक म्हणजे घासणारा असं बसलेलं असतं.

ओलाव्याचं राहिलं. १९८१ मध्ये कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओलाव्यात, २५० अंशांच्या आसपास, असा झिर्कोनिया पृष्ठभागापासून मोनोक्लिनिक होत जातो. पाण्याचे घटक ऑक्सिजनच्या त्या रिकाम्या जागांत शिरतात. ३७ अंशांना हे फार सावकाश चालतं, म्हणून चांगली कॅप वर्षानुवर्षं टिकते. शरीरात जाणाऱ्या मालाची चाचणी ऑटोक्लेव्हमध्ये, १३४ अंशांच्या वाफेत तासनतास ठेवून करतात. खरखरीत, सच्छिद्र किंवा जास्त भाजलेल्या कॅपमध्ये मात्र पाण्याला दार उघडं मिळतं.

डॉक्टरांसाठी: सिमेंट

हायड्रोफ्लोरिक आम्ल झिर्कोनियावर लावू नका. ते काचेतली सिलिका खातं. पोर्सिलेनमध्ये काच आहे, झिर्कोनियात नाही. आम्ल लावून काहीच होत नाही, हाताला मात्र धोका.

झिर्कोनियमला फॉस्फेटचीही मोठी ओढ आहे. एमडीपी नावाचा प्रायमर याच ओढीवर चालतो: रेणूच्या एका टोकाला फॉस्फेट, ते झिर्कोनियाला धरतं. दुसऱ्या टोकाला रेझिनशी जुळणारा गट. जपानच्या कुरारे कंपनीने १९८० च्या दशकात तो सिमेंटमध्ये आणला.

पण लाळेतही फॉस्फेट असतं. ट्रायलला कॅप तोंडात घातली की लाळेतलं फॉस्फेट आतल्या बाजूवर जागा धरून बसतं आणि एमडीपीला जागा उरत नाही. पाण्याने धुऊन ते जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दातावर लावायची एचिंग जेल कॅपच्या आत लावणं. ती जेल फॉस्फोरिक आम्लाची. साफ करायला गेलो आणि उरलेल्या जागाही फॉस्फेटने भरून आलो! ट्रायलनंतर पुन्हा हलकं ब्लास्ट करा, किंवा झिर्कोनियाच्याच कणांची क्लीनिंग पेस्ट मिळते ती लावा. त्या पेस्टमधले कण कॅपवरचं फॉस्फेट स्वतःकडे ओढून घेतात. मग प्रायमर, मग सिमेंट. ‘कॅप सारखी निघते’ अशी तक्रार आली की मी आधी विचारते, ट्रायलनंतर आतून काय लावलं होतं. उत्तर बहुतेक वेळा जेल हेच असतं.

हीच ओढ किडनीच्या पेशंटच्याही कामी येते. १९७० च्या दशकात अशी डायलिसिस यंत्रं आली ज्यांत तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात. एक एन्झाइम युरिया फोडून अमोनियम करतं, झिर्कोनियम फॉस्फेटचा थर ते पकडतो, पोटॅशियमही पकडतो, आणि झिर्कोनियम ऑक्साइडचा थर रक्तातून आलेलं फॉस्फेट धरतो.

पेशंट विचारतात ते

‘हा धातू शरीरात गेला तर?’ कॅपमध्ये धातू नाही, त्याचा ऑक्साइड आहे, आणि तो विरघळत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलेल्यांना सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट नावाची पावडर पाण्यातून पाजतात. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या स्फटिकात पोटॅशियमच्या मापाची भोकं आहेत, आतड्यात पोटॅशियम तिथे अडकतं आणि पावडर न शोषली जाता बाहेर पडते. म्हणजे झिर्कोनियम गिळायचं औषधसुद्धा आहे. एक अपवाद सांगून ठेवते: घामासाठीच्या फवाऱ्यात झिर्कोनियमचे क्षार घालायला अमेरिकेने १९७७ मध्ये बंदी केली, कारण तो फवारा श्वासातून फुप्फुसात जातो. क्षार वेगळा, ऑक्साइड वेगळा, आणि गिळणं वेगळं, हुंगणं वेगळं.

‘एमआरआयला काढावी लागेल का?’ नाही. एक्स-रेत मात्र ती पांढरीशुभ्र दिसते. हाडाच्या काही सिमेंटमध्ये झिर्कोनियम ऑक्साइड मुद्दाम एवढ्यासाठीच मिसळतात, एक्स-रेत दिसावं म्हणून.

‘आईच्या गुडघ्यात काळा सांधा घातलाय, तो हाच का?’ हो, नात्यातला. झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम घालून सांधा घडवतात आणि हवेत तापवतात. पृष्ठभागाचा साधारण ५ मायक्रॉनचा थर ऑक्साइड होतो, काळा आणि गुळगुळीत. आत धातूचा चिवटपणा, वर सिरॅमिकचा गुळगुळीतपणा. सोनेरी गुडघा म्हणून सांगतात तो वेगळा.

पेट स्कॅनच्या कागदावर ‘झिर्कोनियम ८९’ दिसलं तर तो किरणोत्सारी प्रकार. सायक्लोट्रॉनमध्ये यट्रियमपासून बनवतात. त्याचा अर्धायुकाल साडेतीन दिवसांच्या थोडा कमी, सुमारे ७८ तास. अँटिबॉडी शरीरात आपल्या जागी पोचायला काही दिवस घेते, तिच्यावर हा टॅग लावला की तोवर दिसत राहतो. तुमच्या कॅपशी त्याचा संबंध नाही.

‘वॉरंटी कार्ड दहा वर्षांचं आहे ना?’ ते कार्ड डिस्कचं असतं. तुमची कॅप कुठल्या भट्टीत, कुठल्या प्रोग्रॅमवर भाजली, ते कार्डाला माहीत नाही. कार्डावर डिस्कचा लॉट नंबर आहे का आणि ती ३, ४ की ५ वाय आहे, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. चांगली लॅब दोन्ही सांगते. आमच्या वहीत प्रत्येक कॅपपुढे लॉट, गुणक आणि भट्टीची तारीख असते.

कॅप निघाली तर ती डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्या. घरी फेव्हिक्विक लावू नका. आतून ते खरवडून काढायचं म्हणजे पुन्हा बर आला आणि पृष्ठभाग दुखावला. स्वच्छ, न फुटलेली कॅप ब्लास्ट करून, प्रायमर लावून त्याच दिवशी परत बसवता येते.